मधीच उगवणारा ळ

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजी कीबोर्ड धुतला. देवदर्शन न्हाई, तीर्थ न्हाई, फोटो काढणं न्हाई. भरदुपारी घराच्या ओट्यावर बसून प्लास्टिकची बटणं घासली. तिनं चमच्याच्या दांड्यानं एकेक बटण उचकटून माझ्याकडं फेकायचं, मी घमेल्यातल्या साबणाच्या पाण्यात घासायचं आन सुपात वाळत टाकायचं. बाजूच्या सुपात मुगाच्या वड्या वाळत होत्या. शेजारची सून पाण्याला चालली होती, ती थांबून म्हणली, "काकू, ह्या काळ्या वड्या कशाच्या हो?"

"उडदाच्या," ही म्हणली. "नेती का चार? तळून घाल सासूला."

सून हसत गेली. ही हसली न्हाई. बटणं उचकटता उचकटता मला म्हणली, "ध्यानात ठेवा. आज फैसला हाय. एक तर हा बिघडला, न्हाई तर मी."

फैसला कशाचा ते सांगतो. जाफराबादला तहसीलसमोर तिचं टायपिंगचं दुकान. पत्र्याचं. अर्ज, प्रतिज्ञापत्र, लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर, सगळं टाइप करून द्यायची. मागच्या दिवाळीपासून काय झालं, टाइप करता करता मधीच एक ळ उमटायचा. मारलेला नसायचा, तरी यायचा. आमचं पोरगं पुण्याला कंपनीत कामाला आहे. त्याचं म्हणणं, माय, तुझा हात थरथरून राह्यला, बोट भलतीकडं जातंय, आता दुकान बंद कर आन पुण्याला चल. हिचं म्हणणं, माझा हात बराबर हाय, कसूर कीबोर्डाचा हाय. शेवटी फोनवर दोघांचं ठरलं. कसूर हाताचा निघाला तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप आन पुण्याला रवानगी. कीबोर्डाचा निघाला तर पोरानं हा विषय परत काढायचा न्हाई.

कीबोर्ड धुतला त्याच रात्री ती झोपेत गेली. डॉक्टर म्हणले हृदय बंद पडलं. पण फैसला त्याआधी झाला होता. काय झाला ते सांगतोच. आधी ही बाई काय चीज होती ते कळलं पाहिजे.

मी चौथी शिकलेला. जाफराबाद-भोकरदन रोडवर सवारीची जीप चालवायचो. ही सातवी पास. लग्न झाल्यावर म्हणली, मला टायपिंग शिकायचंय. आमची म्हातारी म्हणली, "आन भाकरी कोण भाजंल?" ही म्हणली, "भाजून जाते." आन खरंच, टोपल्यात भाकरी झाकून, माझ्याच जीपमधी पुढच्या सीटवर बसून ही भोकरदनला क्लासला जायची. क्लासचे मास्तर बोटांवर रुमाल टाकायचे, पोरींनी खाली बघू न्हाई म्हणून. हिनं ते इतकं मनावर घेतलं की जन्मात परत खाली बघितलं न्हाई. टाइप करताना ही बघायची रस्त्याकडं. कोण कोणाच्या गाडीवर मागं बसलं, कोणाची सून पिशवी भरून माहेरी चालली, सगळं हिला माहीत. आन इकडं कागदावर कोणाच्या तरी वारसाची नोंद बिलकुल बिनचूक उतरत राह्यची.

आधी टाइपरायटर होता, मंग कंप्युटर आला. बोटांना ते कोणी सांगितलं न्हाई. टाइपरायटरला मारायची त्याच जोरानं ही कीबोर्डाला मारायची. टेबलावरचा चहाचा कप सरकत सरकत कडंला यायचा. ओळ संपली की टाइपरायटरचा गाडा डाव्या हातानं ढकलावा लागतो, म्हणून ओळ संपली की हिचा डावा हात हवेत फिरायचा. गाडा न्हाई, काही न्हाई, हात आपला फिरायचा. डाव्या अंगाला बसलेल्या माणसाला लागायचाच. एकदा एक पुढारी अर्ज सांगायला जवळ वाकले होते, त्यांची टोपी उडून रस्त्यावर गेली. ते बघतच राह्यले. ही रस्त्याकडं बघत म्हणली, "ओळ संपली. पुढं सांगा." तवापासून बाकडं उजवीकडं ठेवलं.

तिचा एक नियम होता. एका टायमाला एकच. सगळ्या गावाला माहीत होता तो नियम, आन घरात मी त्याचा हमाल होतो.

तो नियम निघाला माझ्या जीपमुळं. नवीनच लग्न झालेलं. भरलेल्या सवारीसकट जीप रस्त्यात बंद पडली. मी उतरलो, आधी शिव्या दिल्या, मंग डिझेलचा फिल्टर काढून झटकला, बॅटरीचे टोकं घासले, पाइपातली हवा काढली, टायरला एक लाथ घातली. जीप चालू. सवारीनं टाळ्या पिटल्या. ही पुढच्या सीटवर बसलेली, म्हणली, "कशानं चालू झाली?"

"मी केली."

"ते दिसलं. पण कशानं? फिल्टरनं का बॅटरीनं का लाथंनं?"

"काय माहीत. झाली ना चालू."

"मंग उद्या बंद पडल्यावर काय करणार?"

दुसऱ्या दिवशी जीप तिथंच बंद पडली. मी परत फिल्टरला हात घालायला गेलो तर ही खाली उतरली आन बॉनेटसमोर उभी राह्यली. म्हणली, "आज एकच काम करायचं. चालू झाली तर तेच. न्हाई झाली तर दुसरं." सवारी ओरडायला लागली, जल्दी करा, बाजार उठंल. ही त्यांना म्हणली, "तुम्हाला रोज जायचंय का आजच?" शेवटी बॅटरीच्या एका टोकावर आलो. नुसतं टोक ढिलं होतं. त्यानंतर त्या जीपनं त्या कारणापायी मला कधी रस्त्यात उभं केलं न्हाई. पण बायकोनं सवारीसमोर उभं केलं ते लोक लई दिवस काढत होते.

मंग तो नियम घरात शिरला. भाजी बिघडली तर आज मीठ बदलायचं, उद्या तिखट. दोन्ही एकदम न्हाई. मधल्या मधी आम्ही काय खाल्लं ते आम्हाला माहीत. म्हशीनं दूध कमी दिलं तर आधी फक्त पेंड बदलायची, मंग फक्त पाण्याची येळ, मंग धार काढणारा. धार काढणारा मी. मला काढल्यावर म्हशीनं दूध वाढवलं. हे तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं.

मला खोकला झाला होता. मी घाबरून म्हणलं, उद्यापासून बिडी बंद, थंड पाणी बंद, आंबट बंद. म्हणली, "न्हाई. सगळं एकदम बंद केल्यावर कळंल कसं? आधी आंबट सोडा." मला वाटलं, बायको असावी तर अशी, बिडी राह्यली. आंबट सोडलं, खोकला तसाच. पाणी सोडलं, तसाच. मंग तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी खिशातलं बंडल काढून तिच्या हातावर ठेवलं. इतर बायका भांडून बिडी सोडायला लावतात. हिनं मलाच साक्षीदार केलं. सुटली ती सुटलीच.

सगळ्यात भारी किस्सा भांडणाचा. आमच्या घरात एक काळ रोज भांडण. म्हातारी, माझी बहीण माहेरपणाला आलेली, मी आन ही. ही एक दिवस म्हणली, कसूर कोणाचा ते बघू. म्हातारीला आष्टीला मावशीकडं पाठवलं. भांडण चालूच. मंग बहिणीला तिच्या सासरी पोचवलं. तरी चालू. मला म्हणली, तुम्ही जरा जीप घेऊन लांबचं भाडं करा. मी गेलो. परत आलो तर घरात ही एकटी, आन ओट्यावर बसून पातेल्याला शिव्या देऊन राह्यली. मला बघितलं आन जागीच थांबली. थोडा येळ विचार केला. मंग म्हणली, "सगळे बाहेर काढले तरी भांडण हाय. म्हंजी बिघाड माझ्यात हाय." दुसऱ्याच दिवशी आष्टीला जाऊन म्हातारीच्या पाया पडली आन घेऊन आली. म्हातारीला काही कळंना, तिला वाटलं कोणी मेलं का काय.

हे मी यासाठी सांगतोय, की तिचा तपास खोटा नसायचा. कसूर स्वतःवर आला तरी ती मान्य करायची. म्हणून त्या ळ चा मला घोर होता. हात तिचा थरथरायचाच. बशी धरली की कप वाजायचा. मी बघत होतो. ती बी बघत होती.

तिच्या कीबोर्डाची आणखी एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई.

दुकानात लोक यायचे ते सरळ खुर्चीवर हक्क सांगायचे. "मावशी, सरका जरा, माझी एक ओळ मीच मारतो." हिला खुर्चीवर दुसरं माणूस बसलेलं खपायचं न्हाई. तहसीलातला एक बाबू तर ही जेवायला घरी आली की बेधडक बसायचा, शेंगा खात काम करायचा आन टरफलं कीबोर्डात सांडायचा. ही आल्यावर कीबोर्ड उलटा करून पेपरवर झटकायची आन काय पडलं ते बघून सांगायची: आज शेंगावाले आल्ते, आज शेववाले. एक दिवस वैतागली. चमच्याचा दांडा घेतला, सगळी बटणं उचकटली आन मनाला येईल तशी परत बसवली. ए च्या जागी एम, एम च्या जागी कायतरी तिसरंच. हिला काय फरक? वर लिहिलेली इंग्रजी अक्षरं, ही मारणार मराठी, आन खाली बघणार कोण?

बाबू आला, बसला, आपलं नाव मारलं. पडद्यावर भलतंच. परत मारलं. परत भलतंच. तो घाम पुसत म्हणला, "मावशी, तुमची मशीन गेली." ही म्हणली, "शेंगा बाधल्या असतील तिला." त्यानंच कळवळून भोकरदनहून दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं बसून दोन बोटं मारली आन म्हणला, सगळा कीबोर्डच पागल झाला, फेकून द्या. ही म्हणली, सरका. खुर्चीवर बसली, रस्त्याकडं तोंड केलं आन धाड धाड अर्धं पान मारलं. त्यात चूक न्हाई. दुरुस्तीवाला एकदा पडदा बघायचा, एकदा तिची बोटं, आन मंग बटणं बघून जो हसायला लागला तो चहा पिऊनच थांबला. पुढं तो जाफराबादला आला की मुद्दाम दुकानात डोकावायचा. "मावशी, पागल बरा हाय का?"

तर असा तो कीबोर्ड. आन त्यात दिवाळीला तो ळ आला.

दिवाळीत पोरगं घरी आल्तं. त्यानं प्रेमानंच आपला लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला, म्हणला, ह्याच्यावर मारून बघ, कळंल आपल्याला. त्याची बटणं बिस्किटासारखी चपटी. हिनं आपल्या जोरानं मारलं, एकाला दोन दाबले जायचे, हात घसरायचा. पडद्यावर सगळा चिखल. पोरगं हळूच म्हणलं, "माय, बघ ना." ती काही बोलली न्हाई. उठून चुलीकडं गेली. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ती बोलली न्हाई असं मी पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणली, "त्या लॅपटॉपचं मी धरत न्हाई. त्यात बटणं बी बदलली, उंची बी बदलली, जागा बी बदलली. एका टायमाला एकच."

मंग तिचा तपास चालू झाला. आधी वायर ह्या भोकातून काढून त्या भोकात घातली. ळ आला. कीबोर्ड उलटा करून झटकला, पोहे पडले, एक मेलेली मुंगी पडली. ळ आला. टेबल पंख्याखालून हलवलं. ळ आला. नखं कापली. तरी आला. मंग तिला शक आला बांगड्यांवर. हातभर काचेच्या बांगड्या, टाइप करताना खालच्या ओळीवर घासायच्या. मी म्हणलं, काढून ठेव थोडा येळ. तिनं असं बघितलं माझ्याकडं.

"मालक जित्ता असताना बांगड्या काढू?"

"थोडा येळच गं."

"थोडा येळ बी कशाला? तुम्हाला जायची घाई हाय का?"

शेवटी बांगड्या वर कोपरापर्यंत सारल्या आन जुन्या साडीच्या काठानं बांधून टाकल्या. दोन्ही हाताला पट्ट्या बांधून बाई टाइप करायला बसली. अर्ज घेऊन आलेला म्हातारा म्हणला, "मावशी, भाजलं का काय?" ती म्हणली, "न्हाई, मालकाचं आयुष्य बांधलंय, सांगा तुमचं काम." त्या म्हाताऱ्याच्या अर्जात बी ळ आला. तहसीलात बाबूनं विचारलं, हा ळ कशाचा? म्हाताऱ्यानं सांगितलं, माझ्या आधीच होता तो तिथं.

आता राह्यल्या दोन गोष्टी. कीबोर्ड धुणं आन बसणारा बदलणं.

मी म्हणलं, बसणारा बदलायचा तर त्या दुरुस्तीवाल्याला बोलाव. म्हणली, "तो बटण बघून दाबणार. सगळंच भलतं येणार. सगळंच भलतं आल्यावर त्यातला चोर कोणता ते कसं ओळखायचं?" मी म्हणलं, मंग बटणं आधी सारखी लाव. म्हणली, "आधी कशी होती ते मला तरी कुठं माहीत? मी कधी खाली बघितलंय का?"

ते बराबर होतं.

"मंग कोण बसणार?"

"ज्याला कीबोर्डावरचं एक अक्षर येत न्हाई असा माणूस पाहिजे. मी म्हणंल तिथं दाबणारा."

एवढं बोलून ती माझ्याकडं बघत बसली. मला कळायला जरा येळ लागला.

तर त्या दुपारी धुवायचं झालं. बटणं वाळली. परत बसवताना मी विचारलं, हे कुठलं? म्हणली, "जिथं बसंल तिथं." इतकं सोपं काम तिनं मला जन्मात दिलं नव्हतं. उन्हं कलली तसा कीबोर्ड पिशवीत घातला आन आम्ही दुकानात गेलो. आधी ती बसली. बांगड्या बांधलेल्या, नखं कापलेली, कीबोर्ड धुतलेला. मारायला लागली. एक ओळ चांगली गेली. हात हवेत फिरला. दुसऱ्या ओळीत ळ.

ती थांबली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. मंग उठली आन म्हणली, "बसा."

त्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसलो. जीपची सीट मला बराबर होती, ही खुर्ची लई नाजूक वाटली. ती मागं उभी राह्यली आन सांगायला लागली. वरची ओळ, डावीकडून तिसरं. मी एका बोटानं दाबलं. पडद्यावर म आला. "परत." परत म. खालची ओळ, मधलं. आलं. मधली ओळ, उजवीकडचं. आलं. लई येळ असं चाललं. अक्षरं येत होती, पण जी यायला पाहिजे तीच. ळ काही येईना.

मी जसजसं बिनचूक दाबत होतो तसतसं मला भ्या वाटायला लागलं. मागं बघायची हिंमत होईना. म्हंजी तिचा हातच. पत्र्याचं दुकान जाणार, पुणे येणार.

मागून आवाज आला, "तुम्ही दाबता कसं?"

"तू म्हणली तसं."

"हळू दाबता. पाहुण्याच्या घरी कडी वाजवल्यासारखं. मी असं दाबते का?"

"न्हाई."

"मंग हात बी बदलला आन जोर बी बदलला. दोन गोष्टी बदलल्या. मोजत न्हाई. माझ्या जोरानं दाबा."

मी म्हणलं, मोडंल.

"मोडू द्या."

जीपचा हॉर्न बिघडला होता तवा मी जसा दाबायचो तसा अंगठा लावला आन ते वरच्या ओळीतलं तिसरं हाणलं. पडद्यावर म आला आन त्याच्या बगलंला ळ.

परत हाणलं. म आन ळ.

माझ्या खांद्यावरून वाकून तिनं स्वतः ते बटण दाबलं, आधी हळू, मंग जोरात. हळू दाबलं तर नुसता म. जोरात दाबलं तर त्याच्यासोबत ळ. मंग उभी राह्यली आन अशी हसली की समोरच्या चहावाल्यानं मान वर केली. दोन्ही हातांच्या पट्ट्या सोडल्या, बांगड्या खळखळून खाली आल्या. दुकानाबाहेर जाऊन चहावाल्याला म्हणली, "बाकड्यावर बसलेत तेवढ्या सगळ्यांना चहा दे. साय टाकून."

"काय कार्यक्रम, मावशी?"

"मी बरी हाय."

लोकांना काही कळलं न्हाई, पण चहाला कोण न्हाई म्हणतं? शेंगावाला बाबू बी आला. त्याला म्हणली, "तू बी पी. तुझ्या शेंगांचा बी कसूर न्हाई."

तिथूनच पोराला फोन लावला. तो म्हणला, माय, मीटिंगमधी आहे, उद्या सकाळी करतो. तिनं फोन ठेवला आन मला बोट दाखवून म्हणली, "उद्या मीच सांगणार. तुम्ही मधी बोलायचं न्हाई. जिंकले मी, सांगणार मी." रस्त्यानं घरी येताना सारखी गुणगुणत होती, आन मधीच थांबून म्हणायची, "त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं, फोनवर काय मजा."

घरी आलो, जेवलो, झोपलो. पहाटं मी उठलो, ती उठली न्हाई.

पोरगं दुपारपर्यंत आलं. तिचा भाऊ आला, पाव्हणे आले. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. मसणवाट्यातून आल्यावर ओट्यावर माणसं बसली होती, तवा पोरगं सगळ्यांसमोर रडता रडता म्हणलं, "मायचा हात किती दिवसांपासून थरथरत होता. मी बोंबलून सांगत होतो, बंद कर, बंद कर. त्या टायपिंगनं खाल्लं तिला." तिच्या भावानं मान हलवली. बायका म्हणल्या, हो बाई, बशी बी धरता येत नव्हती. सगळ्या गल्लीसमोर तिचा हात बिघडलेला ठरला. मी भिंतीला टेकून बसलो होतो. पोरगं रडून राह्यलं होतं, त्याला काय बोलायचं? आन बोलायचं काम तर तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराला उठवलं. म्हणलं, चप्पल घाल. तो म्हणला, "दादा, सुतक आहे, कुठं चाललो?" मी म्हणलं, चल.

दुकानाचं शटर वर केलं. त्याला तिच्या खुर्चीवर बसवलं. कंप्युटर त्यानंच चालू केला, मला येत न्हाई. म्हणलं, वरची ओळ, डावीकडून तिसरं, दाब. त्यानं दाबलं, कंपनीत दाबतात तसं, हळू. म आला. म्हणला, "मंग?"

"मायसारखं दाब."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, "मायसारखं." त्यानं बोट वर उचललं आन हाणलं. म आन ळ. त्यानं परत हाणलं. परत तेच. मंग हळू दाबलं, मंग जोरात, मंग हळू. कामाचा माणूस आहे, दोन मिनिटात कळलं त्याला. बोट तिथंच ठेवून म्हणला, "बटणांखालचा प्लास्टिकचा पडदा गेलाय दादा. जोर दिला की शेजारची लाइन चिकटते."

"म्हंजी कसूर कोणाचा?"

"कीबोर्डचा."

"मोठ्यानं म्हण."

"कीबोर्डचा, दादा." त्यानं बटणावरचं बोट काढलं. "मायचा हात बरा होता."

मी त्याला थोडा येळ बसू दिलं. मंग उठवलं, बाहेर काढलं, शटर ओढलं आन कुलूप घातलं. म्हणलं, "आता घरी चल. काल ज्यांच्यासमोर बोलला ते सगळे येऊन बसले असतील. तुझा मामा बी हाय. तिथं बी म्हण."